फास्टर फेणेचा वीस पुस्तकांचा संच: ऊसतोडीच्या हंगामात पाच महिने वापरल्यावर

संच आला तेव्हा सीताफळांचे दिवस होते. बीड जिल्ह्यातल्या धारूरच्या डोंगरात हे झाड बांधाबांधावर, त्यामुळे आमच्या शाळेत ऑक्टोबरात एकाही पोराची बोटं कोरडी नसतात. खोका उघडताच मी पहिला हुकूम काढला: हात धुतल्याशिवाय पुस्तकाला हात लावायचा नाही. हापशावर रांग लागली. पुस्तकासाठी हात धुवायला लेकरांनी रांग लावलेली मी बावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा पाहिली. तेव्हाच ठरवलं, हंगाम संपला की या संचाबद्दल सविस्तर लिहायचं.

तर हा भा. रा. भागवतांनी मुलांसाठी लिहिलेल्या फास्टर फेणेच्या साहसकथांचा वीस पुस्तकांचा संच. आम्ही तो पुण्याहून मागवला. कुरिअरवाल्याने घाट चढून गावापर्यंत यायला नकार दिला आणि खोका धारूरच्या स्टँडजवळ एका टपरीवर ठेवून दिला. दोन दिवसांनी आमच्या सरांनी तो मोटारसायकलला बांधून आणला. एक कोपरा ओला झाला होता, दोन पुस्तकांची खालची टोकं वाकली होती. वरवंटा ठेवून ती सरळ केली. डोंगरी गावातल्या शाळेने मागवायचा असेल तर पत्ता तालुक्याच्या ओळखीच्या दुकानाचा द्यावा आणि फोन आला की त्याच दिवशी उचलावा, एवढं सुरुवातीलाच सांगते.

संच कशासाठी घेतला तेही सांगायला हवं, कारण घरी एका लेकरासाठी घेणाऱ्याचा अनुभव वेगळा असणार.

आमच्या गावातली निम्म्याहून जास्त घरं दसरा-दिवाळीच्या मधे कुलूपबंद होतात. माणसं ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उन्हाळ्यातच मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेली असते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, शेळी, जळण आणि तान्ही लेकरं बसतात आणि टोळी सांगलीला, कोल्हापूरला, कुणी पार कर्नाटकात जाते. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप बंद होईपर्यंत, साधारण पाडव्यापर्यंत, गावात म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं उरतात. या लेकरांसाठी शाळेत हंगामी वसतिगृह चालतं. सकाळ-संध्याकाळ जेवण, अभ्यास. ज्यांची आज्जी गावात आहे ती रात्री तिच्याकडे जातात, ज्यांच्या घराला कुलूप आहे त्यांची अंथरुणं शाळेतच.

संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ हे दोन तास फार अवघड. जेवण झालेलं असतं, बाहेर अंधार, आणि पहिल्या पंधरवड्यात रोज कुणीतरी भिंतीकडे तोंड करून बसलेलं असतं. पाठ्यपुस्तक उघडून काही होत नाही. म्हणून आम्ही सहा जणांनी वर्गणी काढून हा संच घेतला. सुचवला मी, त्यामुळे वाचून दाखवायचं कामही माझ्याकडेच आलं.

पुस्तकं पातळ आहेत. एक पुस्तक मोठ्याने वाचायला मला तीन ते चार संध्याकाळी लागल्या. अक्षर पाचवीच्या पोरांना जमेल इतकं मोठं. नुसती नावं वाचतानाच वर्गात आवाज वाढला: ‘आगे बढो फास्टर फेणे’, ‘जवानमर्द फास्टर फेणे’, ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’, ‘गुलमर्गचे गूढ आणि फास्टर फेणे’, ‘विमानचोर विरुद्ध फास्टर फेणे’, ‘चिंकूचे चाळे आणि फास्टर फेणे’. प्रत्येक नावात तो आहेच. ज्याला अजून नीट वाचता येत नाही असा तिसरीतला पोरगाही वीसच्या वीस मुखपृष्ठांवर ‘फास्टर फेणे’ हे दोन शब्द शोधून बोट ठेवायला लागला. त्याला वाचायला लावायचा एवढा सोपा उपाय मला दुसरा सापडला नव्हता. कुठलंही पुस्तक कुठूनही उचलावं, आधीचं वाचलंच पाहिजे असं काही नाही. वसतिगृहात हे फार सोयीचं, कारण मधेच एखादं लेकरू आजारी पडतं, एखाद्याला आई-बाप घेऊन जातात, एखादं जानेवारीत नव्याने येतं.

पहिल्या संध्याकाळी मी ‘फुरसुंगीचा फास्टर फेणे’ घेतलं. बनेश फेणे हे त्याचं खरं नाव, घर फुरसुंगीला, शिक्षण पुण्याच्या विद्याभवन शाळेत, राहणं वसतिगृहात. काडीसारखा पोरगा, पण पळण्यात आणि सायकलवर त्याचा हात धरणारा कुणी नाही. आणि काही सुचलं, काही अजब दिसलं की तोंडातून निघतं ‘ट्टॉक’.

या शब्दापाशी आमचं वाचन पहिल्याच दिवशी अर्धा तास थांबलं. शब्दाच्या सुरुवातीलाच जोडाक्षर, तेही ट ला ट. असा शब्द आमच्या कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाही. मी तो ‘टॉक’ असा वाचला. लेकरांनी पान ओढून घेतलं आणि म्हणाली, ‘मॅडम, दोन ट हायेत.’ मग सगळ्यांनी जीभ टाळूला लावून पाहिली. पाचवीतला एक पोरगा, ज्याचा बाप कारखान्यावर बैलगाडी हाकतो, तो म्हणाला, ‘मॅडम, बैलाला असंच करतेत की.’ आणि त्याने तो आवाज काढून दाखवला. अगदी बरोबर. गाडीवान बैल उचलायला जीभ वाजवतो, तोच आवाज. भागवतांनी तो अक्षरांत कसा बसवला असेल याचा मी पुढे बरेच दिवस विचार करत होते. आवाज ऐकायचा, मग तो देवनागरीत कसा दिसेल ते ठरवायचं, आणि पोरांना तो वाचताक्षणी करून बघावासा वाटला पाहिजे. दुसऱ्या दिवशी शाळा भरताना पटांगणभर ट्टॉक, ट्टॉक. स्वयंपाक करणाऱ्या मावशीही भाकरी उलटताना करायला लागल्या.

तिसऱ्या दिवशी पाचवीतल्या एका पोरीने विचारलं, ‘त्याची माय कुठंय मॅडम?’

मी म्हणाले, ‘त्याचं घर फुरसुंगीला. तो शिकायला पुण्यात.’

‘मंग त्यो रडत नाही व्हय?’

चाळीस-पंचेचाळीस लेकरं माझ्या तोंडाकडे बघत होती. मला लगेच उत्तर देता आलं नाही. घाईत पुस्तक चाळलं आणि जे दिसलं तेच सांगितलं: ‘त्याला वेळच नाही बघ.’ त्यावर कुणीतरी हसलं, आणि मी पुढे वाचायला घेतलं. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. आमच्या लेकरांसाठी जे लिहिलं जातं, जे कार्यक्रम होतात, जी भाषणं होतात, त्यांत ही लेकरं नेहमी बिचारी असतात. पाहुणे येतात, डोक्यावरून हात फिरवतात, डोळे पुसतात आणि जातात. लेकरांना ते कळतं. फास्टर फेणेही घरापासून दूर, वसतिगृहात राहणारा पोरगा आहे, पण भागवत त्याच्या डोक्यावरून हात फिरवत बसत नाहीत. ते त्याला सायकल देतात आणि काम देतात. तो चोराच्या मागे जातो, डोंगरावर जातो, काश्मिरात जातो. घरचं माणूस जवळ नाही ही त्याची ओळख नाही, ती फक्त त्याची परिस्थिती आहे. माझ्या दृष्टीने या संचाचं मोल इथं आहे. बाकीचं सगळं, साहस, विनोद, वेग, त्याच्या नंतर येतं.

फुरसुंगी कुठे आहे हा प्रश्न आलाच. मी नकाशा काढणार तेवढ्यात सहावीतला एक जण उठला, ‘माझे मामा राहतेत तिथं. हडपसरच्या पुढं. कंपनीच्या गाडीवर हायेत.’ आमच्या बीड जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबं आज हडपसर, फुरसुंगी, उरुळी देवाची या पट्ट्यात भाड्याच्या खोल्यांत राहतात. त्या पोराने मामाला फोन लावून फास्टर फेणेचं घर कुठं आहे ते विचारलं. मामाने सांगितलं की फेणेचं घर माहीत नाही, कचरा डेपो मात्र आहे, डोंगराएवढा. पोरं गप्प झाली. मी त्यांना सांगितलं, ही पुस्तकं लिहिली गेली तेव्हा तिथे कचऱ्याचा डोंगर नव्हता, पुण्याजवळचं एक शेतीचं गाव होतं, आणि भागवतांनी आपला नायक शनिवार-सदाशिव पेठेतून न उचलता त्या गावातून उचलला. मराठी पुस्तकात हुशार पोरगा पुण्या-मुंबईचा असतो आणि खेड्यातला पोरगा त्याचा सोबती किंवा गडी असतो, असं वाचत मी मोठी झाले. इथे खेड्याचं नाव थेट पुस्तकाच्या नावात आहे.

मग लेकरं लेखकाकडे वळली. भा. रा. म्हणजे काय? ते कुठं राहतात? त्यांना फोन लागेल का?

मी फळ्यावर लिहिलं: भास्कर रामचंद्र भागवत, जन्म 31 मे 1910, इंदूर. मृत्यू 27 ऑक्टोबर 2001. वजाबाकी करून वय काढा. एक्याण्णव वर्षं. आमच्याकडे एवढं जगलेलं माणूस म्हणजे पणजोबा, त्यामुळे त्यांना ते एकदम घरचे वाटायला लागले. इंदूर म्हटल्यावर मी थोडं थांबून सांगितलं की ते होळकरांचं संस्थान होतं. मराठी बोलणारी माणसं तिथे पुष्कळ, पण मुलुख मुंबई-पुण्याच्या इलाख्याबाहेरचा. आपणही तसेच बाहेरचे. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. माझ्या आजोबांची शाळा उर्दूत झाली. ते ज्ञानेश्वरी तोंडपाठ म्हणायचे, पण सही उर्दूत करायचे. त्यांच्या लहानपणी घरात मराठी गोष्टीचं पुस्तक म्हणून काही नव्हतंच, पोथ्या होत्या. मुलांनी नुसत्या मजेसाठी वाचायचं पुस्तक आमच्या घरी आलं ते थेट माझ्या पिढीत.

भागवत तरुणपणी दिल्लीला रेडिओत नोकरीला होते. 1942 च्या चळवळीत त्यांनी ती नोकरी सोडली आणि तुरुंगातही गेले. सरकारी पगार म्हणजे काय हे आमच्या लेकरांना चांगलं ठाऊक आहे, घराघरांत तेच स्वप्न आहे. म्हणून ‘पगाराची नोकरी सोडली?’ हा प्रश्न तीन वेळा आला. पुढे पन्नासच्या दशकात त्यांनी मुलांसाठी ‘बालमित्र’ मासिक काढलं. ते कायमचं टिकलं नाही, पण मुलांसाठी लिहिणं टिकलं. त्यांच्या पत्नी लीलावती भागवत. त्या मुंबई आकाशवाणीवर ‘वनिता मंडळ’ चालवायच्या आणि त्यांनीही मुलांसाठी भरपूर लिहिलं. नवरा-बायको दोघंही लेकरांसाठी लिहितात हे ऐकून एक पोरगी म्हणाली, ‘म्हंजे एक कोयता.’ मला हे फार आवडलं. त्या दोघांच्या कामाचं याहून नेमकं वर्णन मी कुठे वाचलेलं नाही.

भागवतांचा व्याप नुसता फेणेपुरता नाही. बिपिन बुकलवार हा त्यांचा दुसरा नायक, आडनावातच ‘बुक’ घेऊन फिरणारा. आणि फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न मराठी मुलांना ओळखीचा झाला तो मोठ्या प्रमाणात त्यांच्यामुळे. ‘चंद्रावर स्वारी’, ‘पाताळलोकची अद्भुत यात्रा’, ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’. हे शेवटचं पुस्तक मी संचाबरोबर वेगळं मागवलं. व्हर्नची ती कादंबरी 1877 ची, धूमकेतूवर बसून सूर्यमालेची सफर घडते अशी. भागवत ‘धूमकेतू’ हा शब्द नावात घालू शकले असते. त्यांनी ‘शेंडेनक्षत्र’ घेतला. आमच्या गावातल्या म्हाताऱ्या हाच शब्द वापरतात. लेकरांनी हे नाव आज्जीला सांगितलं तर आज्जीने लगेच आकाशाकडे हात करून शेपटी दाखवली. विज्ञानाच्या पुस्तकातला धूमकेतू तिला कळला नसता. मुलांसाठी लिहिणाऱ्याने शब्द कुठून आणावा, हे मी यातून शिकले आणि आता माझ्या वर्गातही वापरते.

माझी स्वतःची फेणेशी पहिली गाठ 1988 ची. मी सहावीत, अंबाजोगाईला. वडील एसटीत ड्रायव्हर. वाचनालयातून मी ‘चक्रीवादळात फास्टर फेणे’ आणलं. मला वारा माहीत होता, समुद्र माहीत नव्हता. एका रात्रीत वाचत वाचत आले तर शेवटची पानं गायब. कुणीतरी फाडली होती की शिलाई सुटून पडली होती, कोण जाणे. दुसरी प्रत नव्हती. माझा धाकटा भाऊ शेजारी बसून ऐकत होता, तो हटूनच बसला की पुढचं सांग. मग मी सांगितलं. माझ्या मनाने फेणेला त्या वादळातून उचललं आणि सायकलसकट अंबाजोगाईला आणलं. मुकुंदराजांच्या दरीत त्याची सायकल घसरते, तो झाडाला धरून वर येतो आणि योगेश्वरीच्या देवळात प्रसाद खातो. भावाने हे सगळं खरं मानलं. मी त्याला कधी सांगितलंच नाही.

या डिसेंबरात तेच पुस्तक लेकरांपुढे वाचताना मी त्या जागेपाशी पोचले. पान उलटलं तर पुढचं पान होतं. छत्तीस-सदतीस वर्षांनी. मी वाचायची थांबले, घोटभर पाणी प्यायले आणि मग पुढे वाचलं. शेवट इथे सांगत नाही, ज्याने वाचायचा त्याने तो स्वतः गाठावा. एवढं सांगते की अंबाजोगाई त्यात नाही. रात्री भावाला फोन केला. तो चाकणला कंपनीत आहे, सेकंड शिफ्ट संपवून नुकताच खोलीवर आला होता. म्हणाला, ‘अक्का, मंग मुकुंदराजाची दरी?’ मी म्हटलं, ती माझी. थोडा वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘मी तर पोराला तीच गोष्ट सांगितली.’ मी त्याला त्याच पुस्तकाची दुसरी प्रत पाठवून दिली. दरी त्याच्या पोराच्या गोष्टीत राहू दे म्हणाला, मलाही ते पटलं.

आता संचातल्या उणिवा. वाचून दाखवताना त्या जास्त दिसतात.

पोरींचा प्रश्न सगळ्यांत मोठा. फेणेच्या आसपास शरद आहे, सुभाष देसाई आहे, माली आहे. आमच्या पोरी मालीची वाट बघत राहायच्या. ती आली की ताठ बसायच्या, गेली की खाली बघायच्या. जानेवारीत एकीने सरळ विचारलं, ‘वीस पुस्तकं त्याची, मालीचं एक बी का नाही?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या काळात तसंच लिहिलं जायचं हे खरं, पण सहावीतल्या पोरीला ते उत्तर पुरत नाही, आणि पुरू नये. मी त्यांना म्हटलं, तुम्ही लिहा. दोघींनी वहीत लिहायला घेतलं. एकीची माली कारखान्याच्या काट्यावर वजनात मारलेली चोरी पकडते. त्या पोरीला काटा मारणं म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही.

‘चिनी गुन्हेगार आणि फास्टर फेणे’ हे मी मुलांच्या हातात तसंच दिलं नाही. 1962 च्या युद्धाची जखम ताजी असलेल्या पिढीचा राग आपल्या लेकरांच्या हातात विनाखुलासा देऊ नये असं मला वाटतं. आधी युद्धाची हकिकत सांगितली, एका सरकारशी झालेलं भांडण म्हणजे एका देशातली सगळी माणसं वाईट असा अर्थ नाही, हे सांगितलं, मग वाचलं. घरी वाचणाऱ्या आई-वडिलांनीही शेजारी बसावं.

भाषा काही ठिकाणी जड जाते. ‘रणरंग’, ‘करामत’, ‘बालबहाद्दर’ असे शब्द आमच्याकडे बोलण्यात नाहीत. पुणेरी वाक्यांचा वेग आमच्या पोरांना सुरुवातीला झेपत नव्हता. आठवड्याभरात झेपायला लागला. फोनचा घोळ मात्र शेवटपर्यंत चालला. ‘त्यानं मोबाइल का नाही लावला?’ दर दुसऱ्या संकटात हा प्रश्न. मी सांगायची, नव्हता. मग एका आज्जीने, जी नातवाला न्यायला येऊन दाराशी बसायची, सांगितलं की तिच्या काळात उसाच्या फडावरून गावाला निरोप यायचा तो माणसाच्या तोंडीच, आणि कधी कधी माणूस परत यायचा तेव्हा निरोप देणारा मेलेला असायचा. त्यानंतर मोबाइलचा प्रश्न कुणी विचारला नाही.

सिनेमाबद्दल थोडं. 27 ऑक्टोबर 2017 ला, म्हणजे भागवतांच्या स्मृतिदिनालाच, ‘फास्टर फेणे’ हा सिनेमा आला. निर्मितीत आपल्या लातूरचे रितेश देशमुख, फेणे झाले अमेय वाघ, आणि खुद्द भा. रा. भागवतांच्या भूमिकेत दिलीप प्रभावळकर. टीव्हीवर लागला तेव्हा आम्ही तो लेकरांना दाखवला. खलनायक झालेल्या गिरीश कुलकर्णींना बघून लेकरं घाबरली, प्रभावळकर त्यांना आवडले. पण फेणे मोठा झालेला बघून त्यांचा हिरमोड झाला. ‘ह्यो तर मोठा माणूस हाय’, एवढंच म्हणाली आणि परत पुस्तकं मागितली. सिनेमा चांगला आहे, मोठ्यांनी बघावा. संच घेण्याऐवजी सिनेमा दाखवला तर चालेल का असं कुणी विचारलं तर माझं उत्तर नाही असं आहे.

कोणत्या वयासाठी? वाचून दाखवायला तिसरीपासून, स्वतः वाचायला पाचवी ते सातवी. सातवीच्या पुढची पोरं लाजतात, पण रात्री अंथरुणात वाचतात, मी पाहिलं आहे. सगळे वीस एकदम घ्यायला जमत नसेल तर ‘फुरसुंगीचा फास्टर फेणे’, ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’ आणि ‘चक्रीवादळात फास्टर फेणे’ यांपासून सुरुवात करावी. प्रतापगड आमच्याकडे दोनदा वाचावं लागलं, धारूरच्या किल्ल्यात खेळलेल्या पोरांना किल्ल्याचं काही सांगावं लागत नाही.

टिकाऊपणा. एका घरात एक-दोन लेकरं हाताळतील तर काही होणार नाही. आमच्याकडे पंचेचाळीस लेकरांचे हात, जमिनीवरची बसकण, सीताफळ, तेल, शेंगदाण्याची टरफलं. डिसेंबरअखेर चार पुस्तकांची पाठ सुटली, एकाचं मुखपृष्ठ वेगळं झालं. खाकी कागदाची कव्हरं घातली होती, ती महिन्यातच फाटली. प्लॅस्टिकची घातली, ती घसरायची.

त्यानंतर ‘आगे बढो फास्टर फेणे’ वसतिगृहातून बाहेर गेलं. मालीचा प्रश्न विचारणारी तीच पोरगी. तिच्या आईला फडावर बाळ झालं, बाळाला सांभाळायला कुणी नाही, म्हणून बाप येऊन तिला घेऊन गेला. मी बापाशी बोलले, मुख्याध्यापक सर बोलले. तो खाली मान घालून ऐकत होता आणि शेवटी म्हणाला, ‘मॅडम, कोयता मोडला तर उचल कशी फेडू?’ पोरगी दप्तर घेऊन ट्रॅक्टरवर बसली तेव्हा मी तिच्या हातात ते पुस्तक दिलं. रजिस्टरमध्ये ‘पुस्तक कुठे आहे’ या रकान्यात लिहिलं: फड, सांगली जिल्हा.

पाडव्याच्या चार दिवस आधी टोळी परत आली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पोरगी शाळेच्या दाराशी उभी होती, कडेवर भाऊ. केसांना कोपीतल्या, म्हणजे फडावरच्या झोपडीतल्या, चुलीचा वास. पुस्तक तिने माझ्या टेबलावर ठेवलं. मला आधी ते ओळखूच आलं नाही. युरियाच्या रिकाम्या गोणीचा तुकडा कापून तिने त्याला कव्हर घातलं होतं, दाभणाने, सुतळीने, चारी बाजूंनी शिवून, आतल्या पानांना एकही टाका न लागता. आत पाचटाच्या दोन-तीन कुसळ्या होत्या, बाकी एक पान हललेलं नव्हतं.

‘कोपीत लाईट नव्हती मॅडम,’ ती म्हणाली, ‘भाकरी करताना चुलीपाशी वाचलं. ठिणगी पडंल म्हणून शिवलं.’

मी विचारलं, बाकीच्या एकोणीसांना असं जमेल का? तिने भावाला खाली बसवलं, कपाटातून एक पुस्तक काढलं, उलटसुलट केलं आणि म्हणाली, ‘गोण्या लागतेल.’

गोण्या सरांनी शेतातून आणल्या. सध्या रोज दुपारी दोन पुस्तकं होतायत. शिवणाऱ्या आता चौघी आहेत. ती टाका दाखवते आणि पक्का बसला की जीभ टाळूला लावून ट्टॉक करते.